विस्मरणाच्या काळोखातही प्रसन्न : संत लुई मार्टिन

बालयेशूच्या संत तेरेजाचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. हातात क्रूस व गुलाबपुष्पे धरलेली तिची प्रतिमा आपल्या कित्येक मंदिरांतून व घरांतील वेदींवर विराजमान आहे. तिच्या वडिलांविषयी मात्र आपण फार थोडे ऐकलेले असते. ते पुण्यशील गृहस्थ होते, त्यांच्या पाचही कन्या मठवासी झाल्या आणि पत्नी झेली यांच्यासह ते स्वतःही संतपदास पोहोचले, एवढे आपणास माहीत असते. परंतु आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत या संताची स्मृती व बुद्धी ढळली होती, ते कुणालाही न सांगता घरातून निघून गेले होते आणि तीन वर्षांहून अधिक काळ त्यांना मनोरुग्णालयात काढावा लागला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या कानावर आलेली नसते.

ही कथा आज सांगण्यास कारण आहे. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली वडीलधारी माणसे आज आपल्या घराघरांत आहेत. ज्या आईने लेकरांना प्रार्थना शिकविली, तिला आता त्या लेकरांची नावे आठवत नाहीत. ज्या वडिलांनी आयुष्यभर घर चालविले, ते भर दुपारी स्वतःच्याच अंगणात उभे राहून घरी जायचे म्हणून हट्ट धरतात. अशा वेळी कुटुंबाला थकवा येतो, आणि थकव्याहूनही अधिक लाज वाटते. पाहुणे आले की म्हाताऱ्या माणसाला आतल्या खोलीत बसविले जाते. या माणसाच्या आयुष्यात आता आनंद म्हणून काही उरला आहे काय, असा प्रश्न मनात येतो आणि बहुधा तो मनातच राहतो. लुई मार्टिन यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.

अलाँसाँचे घड्याळजी

लुई मार्टिन यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो या शहरी झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. लुई यांनी घड्याळे बनविण्याची व दुरुस्तीची कला आत्मसात केली. शांत, एकांतप्रिय व चिंतनशील असा त्यांचा स्वभाव होता. वयाच्या बाविसाव्या वर्षी आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड या मठात प्रवेश मागण्यासाठी ते गेले. लॅटिन भाषा येत नसल्यामुळे त्यांना परत पाठविण्यात आले. त्यांनी अभ्यासाला आरंभ केला, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. मठाचा विचार सोडून त्यांनी नॉर्मंडीतील अलाँसाँ या गावी घड्याळाचे दुकान थाटले. रविवारी गिऱ्हाईक अधिक येते असे लोकांनी सांगूनही त्यांनी प्रभूच्या दिवशी दुकान कधी उघडले नाही.

१३ जुलै १८५८ रोजी त्यांचा विवाह झेली गेरँ यांच्याशी झाला. झेली या अलाँसाँच्या सुप्रसिद्ध लेसचे विणकाम करीत व तो व्यवसाय स्वतः चालवीत. या दांपत्यास नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालवयातच देवाघरी गेली. मरी, पोलिन, लेओनी, सेलिन आणि सर्वांत धाकटी तेरेजा या पाच कन्या मागे राहिल्या. तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ चा. ती अवघी साडेचार वर्षांची असताना, २८ ऑगस्ट १८७७ रोजी, स्तनाच्या कर्करोगाने झेली यांचे निधन झाले. मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून लुई यांनी अलाँसाँ सोडले आणि ते लिझ्यू येथे ब्युइसोने नावाच्या घरात राहावयास आले. झेली यांचे बंधू इसिदोर गेरँ हे लिझ्यूमध्ये औषधविक्रेते होते.

ब्युइसोनेच्या बागेत तेरेजाचे बालपण गेले. दुपारी वडिलांचा हात धरून ती फिरावयास जाई, वाटेतील एखाद्या मंदिरात दोघे पवित्र साक्रामेंताची भेट घेत. मासे पकडण्याचा लुई यांना छंद होता व नदीकाठी ते तिलाही सोबत नेत. पाखरांचे कूजन, फुले, सायंकाळचे आकाश यांत त्यांचे मन रमे. ही आवड पुढे शेवटपर्यंत त्यांच्या उपयोगी पडली, म्हणून तिची येथे मुद्दाम नोंद करीत आहोत.

मळभ दाटू लागले

१ मे १८८७ रोजी सकाळी लुई यांना पक्षाघाताचा पहिला झटका आला. शरीराची एक बाजू लुळी पडली व बोलणे अडखळू लागले. उपचारांनी त्या वेळी ते सावरले. चारच आठवड्यांनी, पेन्टेकोस्टच्या सणाच्या दिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजाने बागेत त्यांच्याकडे कार्मेल मठात जाण्याची परवानगी मागितली. पोलिन व मरी या दोघी आधीच तेथे गेल्या होत्या. आजारातून नुकत्याच उठलेल्या त्या पित्याने होकार दिला, भिंतीच्या कडेला उगवलेले एक लहानसे पांढरे फूल मुळासकट उपटून तिच्या हाती ठेवले आणि देवाने त्या इवल्या फुलाची किती काळजी घेतली ते तिला समजावून सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते तिला व सेलिनला घेऊन रोमच्या यात्रेस गेले, आणि २० नोव्हेंबर रोजी तेरेजाने पोप लिओ तेरावे यांच्यापुढे गुडघे टेकून आपली विनंती मांडली. ९ एप्रिल १८८८ रोजी तिने कार्मेलमध्ये प्रवेश केला.

मे १८८८ मध्ये लुई अलाँसाँला जाऊन आले. परतल्यावर मठाच्या भेटगृहात त्यांनी मुलींना सांगितले की, तेथील मंदिरात प्रार्थना करताना आपल्याला इतके समाधान लाभले की, या सुखाच्या मोबदल्यात आपल्याला काही दुःख सोसावयास मिळावे अशी याचना आपण देवाकडे केली. मुली हे ऐकून स्तब्ध झाल्या.

पुढच्याच महिन्यात, २३ जून रोजी, लुई घरातून नाहीसे झाले. कोठे गेले, का गेले, काहीच कळेना. सेलिन व मामा यांनी शोध घेतला, तेव्हा चार दिवसांनी ते ल हाव्र या बंदराच्या शहरी सापडले. सर्व सोडून एकांतवासात जावे व देवाचे चिंतन करावे असे त्यांच्या मनाने घेतले होते. तरुणपणी आल्प्सच्या मठात शिरू न शकलेला तो युवक विस्मृतीच्या धुक्यातून पुन्हा वाट शोधत होता, असेच आपणास म्हणावेसे वाटते. यानंतर कधी भान हरपलेले, कधी पूर्ववत शुद्ध, असे दिवस येऊ लागले. मेंदूच्या रक्तवाहिन्या निबर झाल्यामुळे हा आजार उद्भवला होता. अशा आजारात माणूस एकसारखा ढासळत जात नाही. एखादा झटका येतो, तो काही हिरावून नेतो, मग काही काळ स्थिरता लाभते.

१० जानेवारी १८८९ रोजी तेरेजाचा वस्त्रग्रहण विधी झाला. त्या दिवशी लुई यांची प्रकृती चांगली होती. पांढऱ्या मखमलीच्या वेशातील लेकीला आपल्या हाताचा आधार देऊन त्यांनी मंदिरात नेले. मठाच्या अंगणात तिला हवा होता तसा बर्फही पडला. तो दिवस तेरेजाला पित्याच्या जीवनातील विजयोत्सव वाटला. त्यानंतर एका महिन्याने काय होणार आहे याची कुणालाच कल्पना नव्हती, आणि ती नव्हती म्हणूनच तो दिवस सर्वांना पूर्णपणे लाभला.

कां येथील तीन वर्षे

फेब्रुवारीत लुई यांना भास होऊ लागले. युद्ध सुरू आहे, घरावर हल्ला होत आहे असे वाटून मुलींच्या रक्षणासाठी त्यांनी पिस्तूल हाती घेतले. घरातील सर्वांच्याच जिवाला धोका निर्माण झाला. अखेर १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना कां शहरातील बाँ सोव्हर या धर्मभगिनींच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले.

त्या काळी अशा जागी जाणे म्हणजे कुटुंबाच्या नावाला काळिमा समजला जाई. लिझ्यूत कुजबूज सुरू झाली. धाकटी, लाडकी लेक मठात गेल्यामुळेच वडिलांच्या मनावर परिणाम झाला, असे लोक बोलू लागले. हे शब्द मठाच्या भिंतीआड तेरेजापर्यंतही पोहोचले. सेलिन व लेओनी यांनी कां येथेच बिऱ्हाड केले. वडिलांची भेट आठवड्यातून एकदाच घेता येत असे, तरी त्या रोज दारापर्यंत जाऊन त्यांची विचारपूस करीत. मे महिन्यात त्या लिझ्यूला परतल्या. जून महिन्यात मालमत्तेची व्यवस्था इतरांच्या हाती सोपविण्याच्या कागदावर लुई यांना सही करावी लागली. त्या वेळी त्यांना भान होते. आपल्या मुलांचा आपल्यावर विश्वास उरला नाही असे वाटून ते रडले. वर्षअखेरीस ब्युइसोनेचे घरही सोडावे लागले.

शुद्धीवर असताना आपण कोठे आहोत हे लुई यांस पूर्णपणे कळत असे. तेथील वैद्यांना त्यांनी सांगितले की, आजवर आपण आज्ञा देत आलो, आयुष्यात कधी अपमान वाट्याला आला नाही, म्हणून देवाने आता ही नम्रतेची परीक्षा पाठविली आहे. आपल्या बरे होण्यासाठी प्रार्थना केली जात आहे असे कळल्यावर, केवळ देवाची इच्छा पूर्ण व्हावी एवढेच मागावे असे त्यांनी सुचविले. सर्व दिवस असे नव्हते. अश्रूंचे, गोंधळाचे, भीतीचे दिवस पुष्कळ होते. ते आपण झाकून ठेवू नयेत. संत झाला म्हणून स्मृतिभ्रंश सौम्य होत नाही.

लहानपणी तेरेजाला एक विलक्षण दृश्य दिसले होते. वडील परगावी असताना बागेत त्यांच्यासारखाच, परंतु अधिक वाकलेला व मस्तक झाकलेला एक पुरुष चालताना तिला दिसला. हाक मारताच तो दिसेनासा झाला. त्याचा अर्थ तिला आता उमगला. यशया संदेष्ट्याने वर्णिलेल्या दुःखी सेवकाचा झाकलेला चेहरा आणि आपल्या पित्याचा चेहरा तिला एकच दिसू लागला. कार्मेलमधील आपल्या नावात बालयेशूसोबत पवित्र मुखमंडलाचा उल्लेखही तिने याच काळात जोडून घेतला.

परतीची दोन वर्षे

१८९२ पर्यंत लुई यांचे पाय लुळे पडले होते. ते आता निघून जाण्याची भीती उरली नव्हती. म्हणून १० मे १८९२ रोजी त्यांना लिझ्यूला परत आणण्यात आले. दोन दिवसांनी त्यांना कार्मेलच्या भेटगृहात नेले. तीन वर्षांहून अधिक काळानंतर तेरेजाने पित्याला पाहिले. ते फारसे बोलू शकले नाहीत. निरोप घेताना मात्र त्यांनी डोळे वर केले, बोट आकाशाकडे उचलले आणि पुढची भेट स्वर्गात होईल एवढेच सुचविले. तिन्ही लेकींशी ती त्यांची अखेरची भेट ठरली.

यापुढील दोन वर्षांत लुई यांची सेवा सेलिनने केली. लेओनी १८९३ मध्ये कां येथील व्हिजिटेशन मठात गेल्यावर ती एकटीच उरली. चाकांच्या खुर्चीवरून वडिलांना नेण्या-आणण्यासाठी एक सेवक होता. भरविणे, कपडे बदलणे, रात्री उठणे यांत तिचे दिवस जात. मठाची ओढ तिलाही होती, परंतु वडील असेपर्यंत तिने तो विषय बाजूस ठेवला.

उन्हाळ्यात मामा-मामी त्यांना एव्ह्रूजवळील ला म्युस या आपल्या वाड्यावर नेत. सभोवार वनराई व दूरवर पसरलेले दरीचे दृश्य होते. खुर्ची झाडांखाली आणून ठेवली की लुई शांत होत. एकदा संध्याकाळी, अंधार पडू लागला असता, दाट झाडीत नाइटिंगेल पक्षी गाऊ लागला. सर्व थांबले. लुई तो स्वर ऐकत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत असा काही भाव उमटला की, सेलिन तो जन्मभर विसरली नाही. परलोकातील एखादी वाणी ऐकावी तसे ते ऐकत होते, असे तिला जाणवले.

या प्रसंगापाशी आपण क्षणभर थांबू या. त्या संध्याकाळी लुई यांना तारीख सांगता आली असती की नाही, कोण जाणे. गेलेली वर्षे त्यांच्या हातून निसटली होती, पुढचे काही ठरविणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु समोरचे झाड, कानी येणारा स्वर, शेजारी उभी असलेली लेक एवढे त्यांच्याजवळ होते आणि ते त्यांना पुरे होते. ब्युइसोनेच्या बागेत पाखरांचे कूजन ऐकणारा, नदीकाठी निवांत बसणारा तो माणूस आत शाबूत होता. नावे व तारखा गेल्या, पण सौंदर्य ओळखण्याची, माया ओळखण्याची आणि देवापुढे शांत बसण्याची शक्ती गेली नव्हती. आजचे वैद्यकशास्त्रही हेच सांगते की, स्मृती क्षीण झाल्यावरही भावना, संगीत व स्पर्श यांस मिळणारा प्रतिसाद पुष्कळदा दीर्घकाळ टिकून राहतो. काय घडले ते रुग्ण विसरतो, पण त्यातून लाभलेले समाधान मागे रेंगाळते.

फक्त आजपुरते

याच वर्षांत तेरेजा मठात एक धडा शिकत होती. पित्याच्या आजाराच्या पहिल्या वसंतात तिने सेलिनला लिहिलेल्या पत्रांतून तो दिसतो. पुढे काय होईल याचा विचार करू नये, एकेक क्षणच पाहावा, क्षण हाच एक ठेवा आहे, दुःखही एका वेळी एका क्षणाचेच सोसावे, असे ती बहिणीला सांगत असे. वडील कधी बरे होतील, अजून किती वर्षे हे चालेल, या प्रश्नांना उत्तर नव्हते. आजचा दिवस मात्र हाताशी होता, आणि आजच्या दिवसापुरती कृपाही होती.

२७ मे १८९४ रोजी लुई यांना पुन्हा जबर झटका आला व त्यांना रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यात आला. ५ जून रोजी हृदयविकाराचा झटका आला. या दोन आघातांच्या मधल्याच दिवसांत तेरेजाने बहीण मरीसाठी एक गीत रचले. उद्याची चिंता न करता केवळ आजच्या दिवसापुरते देवावर प्रेम करण्याचे बळ त्यात मागितले आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या तिच्या लहान मार्गातील हा एक मुख्य विचार होय. तो तिच्या पित्याच्या रुग्णशय्येच्या सावलीत परिपक्व झाला, हे आपण ध्यानी घ्यावे.

रविवार, २९ जुलै १८९४ रोजी सकाळी ला म्युस येथे लुई मार्टिन यांनी देह ठेवला. सेलिन उशाशी प्रार्थना करीत होती. अखेरच्या घटकेला त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे प्रेमाने पाहिले. ज्याला पुष्कळ काही आठवत नव्हते, त्याची शेवटची नजर ओळखीची होती. सेलिनने १४ सप्टेंबर रोजी कार्मेलमध्ये प्रवेश केला. पिता थेट स्वर्गात गेला असल्यास सेलिनच्या प्रवेशास विरोध करणाऱ्या एका भगिनीचे मन पालटावे, अशी खूण तेरेजाने देवाकडे मागितली होती, आणि ती तिला मिळाली.

पुढील इतिहास आपणास ज्ञात आहे. तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजी निवर्तली व १७ मे १९२५ रोजी तिला संतपद प्राप्त झाले. लुई व झेली यांना १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे धन्यवादित घोषित करण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबाविषयीची धर्मसभा रोममध्ये चालू असताना, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. आता दरवर्षी १२ जुलै रोजी त्यांचा सण येतो. मनोरुग्णालयातील वर्षे या सन्मानाच्या आड आली नाहीत. ज्या वर्षांची कुटुंबाला लाज वाटावी असे जगाने ठरविले होते, त्यांनाच तेरेजाने आपल्या घराण्याचे मौल्यवान धन मानले.

आपल्या घरांसाठी

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची सेवा करणाऱ्यांनी या चरित्रातून काय घ्यावे? प्रथम, वैद्यकीय मदत घेण्यात कमीपणा मानू नये. धोका दिसताच मार्टिन कुटुंबाने प्रिय पित्याला रुग्णालयाच्या हाती सोपविले आणि त्यांचे प्रेम त्यामुळे उणे झाले नाही. दुसरे, रुग्णाच्या स्मरणाची परीक्षा घेऊ नये. मी कोण आहे ते सांग पाहू, असा आग्रह धरल्याने त्यास केवळ आपल्या उणिवेची जाणीव होते. आपणच आपले नाव सांगावे व जवळ बसावे. तिसरे, जे त्याला पूर्वी आवडत होते ते त्याच्यासमोर आणावे. कुणाला विहिरीकाठची बाग, कुणाला लग्नातली जुनी गाणी, कुणाला मिस्सातील भजने. रोझरीचे मणी हाती दिले की, बोलणे थांबलेल्या आजीचे ओठ पुष्कळदा आपोआप हलू लागतात. धर्मगुरूंना सांगून पवित्र कम्युनियन घरी आणण्याची सोय करावी. आणि जी एकटी सून किंवा लेक हे ओझे वाहते आहे, तिला आठवड्यातून काही तास तरी मोकळीक द्यावी. सेलिनलाही मामा-मामींचा व एका सेवकाचा आधार होता.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वयोवृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. लुई यांच्या सणानंतर थोड्याच दिवसांनी तो येतो. त्या निमित्ताने आपल्या शेजारच्या एखाद्या घरी जावे, आतल्या खोलीत बसविलेल्या माणसाची खुर्ची अंगणात आणावी आणि थोडा वेळ त्याच्यासोबत काही न विचारता बसावे. पाखरू गाईलच. ते ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. उद्या त्याला हे आठवणार नाही, पण आजचा तो आनंद खराच असेल.

संत लुई मार्टिन यांच्या मध्यस्थीने, विसरत चाललेल्या आपल्या सर्व वडीलधाऱ्यांना व त्यांना सांभाळणाऱ्या हातांना आजच्या दिवसापुरते बळ लाभो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.